वंशाची वही : मालमत्ता की ठेव?

आपल्या मंडळाच्या गेल्या सर्वसाधारण सभेत एक ठराव पुढे आला व निर्णयाविना तो पुढील सभेवर गेला, हे सभासदांच्या स्मरणात असेलच. आपल्या ज्ञातीतील सर्व कुटुंबांची वंशावळ, मूळ गाव, कुलदैवत, शिक्षण, व्यवसाय व विवाहसंबंध यांची समग्र नोंद संगणकावर चढवावी आणि ती एका व्यापारी संस्थेच्या स्वाधीन करून देशोदेशीच्या ज्ञातिबांधवांस खुली करावी, असा तो ठराव होता. तरुण मंडळी त्यास अनुकूल होती, वडीलधारी मंडळी साशंक होती. अनुकूल असणाऱ्यांना वडिलांची शंका ही केवळ जुनाट भीती वाटली. आणि वडिलांना आपली शंका नीट शब्दांत मांडता आली नाही. आम्ही त्या सभेत बोललो नाही. प्राथमिक शाळेत मुलांस इतिहास शिकविण्यात ज्याचा जन्म गेला, त्याने घाईने मत देण्यापेक्षा मागे वळून पाहावे हे बरे. संपादक मंडळींनी या स्मरणिकेसाठी काही लिहिण्याची आज्ञा केली, तेव्हा हाच विषय घ्यावा असे आम्ही ठरविले.

प्रारंभी एक अनुभव सांगतो. २०१५ च्या सिंहस्थात आम्ही सहकुटुंब नाशिकास गेलो होतो. रामकुंडावर स्नान व तीर्थश्राद्ध उरकल्यावर आमच्या तीर्थोपाध्यायांनी गाव व कूळ विचारले, फडताळातून तांबड्या कापडात बांधलेले एक बाड काढले आणि थोड्याच वेळात आमच्या पणजोबांचे हस्ताक्षर आमच्यापुढे ठेविले. अक्षर मोडी होते. त्यांच्या धाकट्या बंधूंस लिहिता येत नसावे. त्यांच्या नावापुढे केवळ निशाणी होती. घरात ज्यांचे चित्र नाही, ज्यांच्याविषयी एखादी आठवण सांगणाराही आता कोणी उरला नाही, त्या पुरुषाच्या हातची ती ओळ पाहून आमचे डोळे भरून आले. त्याच पानाखाली आम्ही आमचे, आमच्या मुलांचे व नातवाचे नाव लिहिले.

तेवढ्यात शेजारी बसलेल्या एका परगावच्या गृहस्थांनी कुतूहलाने ते बाड हाती घेऊ पाहिले. उपाध्यायांनी ते हलकेच आपल्याकडे ओढून घेतले व म्हणाले, “ही वही यांच्या कुळाची. आपली वेगळी आहे, ती काढून देतो.” त्या गृहस्थांस राग आला नाही, आम्हांस विशेष वाटले नाही. परंतु त्या साध्या वाक्यात एक संपूर्ण नीती सामावलेली होती, हे आम्हांस पुष्कळ उशिरा उमगले.

तीर्थक्षेत्रींच्या या वह्यांची पद्धत सर्वांस ठाऊक आहे. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी, प्रयाग, गया, हरिद्वार अशा स्थानी उपाध्याय वा पंडे यांच्या घराण्यांकडे गावागावाची व कुळाकुळाची बाडे पिढीजात चालत आलेली आहेत. यात्रेकरू आला की त्याने पूर्वजांची नावे पाहावी, आपले व बरोबरच्या मंडळींचे नाव लिहावे, काळ घालावा व सही करावी. ही नोंद धर्मकृत्यासाठी आहे. श्राद्धात पिता, पितामह व प्रपितामह यांचा नामोच्चार करावा लागतो; ज्यास ती नावे आठवत नाहीत त्यास वही आठवण करून देते. पुढे वारसाहक्काच्या दाव्यांतही अशा वह्या पुराव्यादाखल हजर करण्यात येऊ लागल्या. तथापि तिचा मूळ हेतू एकच : जिवंतांनी मृतांस विसरू नये.

आता प्रश्न असा की, ही वही कोणाची? कागद उपाध्यायांचा, फडताळ त्यांचे, पिढ्यान् पिढ्या जतन करण्याचे कष्टही त्यांचेच. त्यांची वृत्ती वारशाने चालते, भाऊबंदांत वाटली जाते. पण आतील नावे? ती तर आपली आहेत. तेव्हा ही उपाध्यायांची मालमत्ता म्हणावी, की आपली ठेव?

या प्रश्नाचे उत्तर आपल्या जुन्या धर्मशास्त्रात सापडते. स्मृतिग्रंथांत माणसामाणसांत जी उच्चनीचता सांगितली आहे ती आम्ही मानीत नाही, व आज कोणी मानू नये. परंतु ठेवीविषयीचा त्यांतील न्याय निर्मळ आहे. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात उपनिधी नावाचे प्रकरण आहे. आत काय आहे हे न सांगता, बंद करून, विश्वासाने दुसऱ्याच्या हाती ठेविलेली वस्तू म्हणजे उपनिधी. ती जशी दिली तशीच परत करावयाची. राजाने नेली, दैवी आपत्तीत गेली वा चोरांनी लुटली, तर सांभाळणाऱ्याकडे दोष नाही. परंतु त्याने आपल्या मर्जीने त्या ठेवीवर उपजीविका केली, तर तो दंडास पात्र होतो व ती वाढीसह परत देण्यास बांधला जातो. त्याच अध्यायात पुढे अस्वामिविक्रय येतो : जो धनी नव्हे त्याने केलेली विक्री. अशी विकलेली वस्तू जिची आहे तिच्या धन्यास परत मिळते. या स्मृतीवर विज्ञानेश्वराने कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात मिताक्षरा ही टीका लिहिली, आणि महाराष्ट्रातील हिंदूंचा वारसाकायदा शतकानुशतके मुख्यतः तिच्या आधारे चालला. सांभाळणारा हा धनी नव्हे, हा विचार आपल्याकडे असा जुना आहे. नावे व नाती यांनाही तो लागू करावयाचा की नाही, एवढाच प्रश्न उरतो.

हा प्रश्न केवळ आपलाच नाही. अमेरिकेत १८३० साली जोसेफ स्मिथ यांनी एक ख्रिस्ती संप्रदाय स्थापिला. लोक त्यास मॉर्मन या नावाने ओळखतात. त्याचे मुख्य ठाणे युटा राज्यात सॉल्ट लेक सिटी येथे आहे. कुटुंबाचे बंधन मृत्यूनंतरही टिकते व ज्या पूर्वजांस हयातीत दीक्षा मिळाली नाही त्यांच्या वतीने वंशजांनी बाप्तिस्मा घ्यावा, अशी त्यांची श्रद्धा आहे. मृतात्म्याने तो स्वीकारावा वा नाकारावा, हे स्वातंत्र्य त्यास असते असेही ते मानतात. या कृत्यासाठी पूर्वजांची नावे हवीत. म्हणून त्यांनी १८९४ साली वंशावळींची एक संस्था काढली, १९३८ पासून जुन्या नोंदींची सूक्ष्मचित्रे घेण्यास प्रारंभ केला, व ती सुरक्षित राहावी म्हणून डोंगराच्या पोटात कातळ खोदून १९६५ साली भांडार पुरे केले. अशा चित्रफितींच्या सुमारे २४ लाख गुंडाळ्यांचे संगणकीय रूपांतर त्यांनी २०२१ साली पूर्ण केले. हरिद्वार व उत्तरेकडील अन्य तीर्थांवरील पंड्यांच्या वह्यांची चित्रेही त्यांच्या संग्रहात आहेत.

त्यांचा उद्योग पाहून थक्क व्हावे असाच आहे. त्यांनी द्रव्य वेचले, परिश्रम केले, व ज्या नोंदी वाळवीने वा ओलीने नष्ट झाल्या असत्या त्यांतील कित्येक वाचविल्या. त्यांच्या हेतूत द्वेष नाही. पितरांविषयी आपल्याप्रमाणेच त्यांनाही कळकळ आहे. तरीही यातून वाद उद्भवला, व तो ध्यानात घेण्याजोगा आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हिटलरच्या राजवटीने ज्या ज्यू लोकांचा संहार केला, त्यांतील पुष्कळांची नावे या दीक्षाविधीच्या याद्यांत आढळली. ज्यू समाज व्यथित झाला. आमचे आप्त केवळ ज्यू म्हणून मारले गेले. मृत्यूनंतर तरी त्यांस ज्यू राहू द्या, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. १९९५ साली उभयतांत समझोता होऊन अशी नावे काढून टाकण्याचे ठरले. पुढेही काही नावे पुन्हा दिसली, तेव्हा २०१२ साली संप्रदायाने आपले निर्बंध अधिक कडक केले. रोमन कॅथलिक पंथाच्या रोममधील धर्मपीठाने तर २००८ साली आपल्या धर्माध्यक्षांस पत्र पाठवून, चर्चच्या नोंदवह्या या कामासाठी त्या संस्थेस देऊ नयेत असे कळविले. गोव्यातील व वसईतील ख्रिस्ती बांधवांच्या कित्येक घराण्यांचा इतिहास अशाच नोंदवह्यांत साठलेला आहे, हे सांगावयास नकोच.

येथे कोणता धर्म खरा, हा वाद नाही. नाव तेच, तारीख तीच, पण एका श्रद्धेने ज्या हेतूने ते लिहिले त्याहून निराळ्या हेतूने दुसऱ्याने ते वापरले, आणि ज्यांचे ते नाव त्यांस विचारले नाही. हेतू चांगला होता. पण विचारावयाचे राहून गेले. दुःखाचे मूळ तेथे आहे.

हीच गोष्ट विज्ञानाच्या हातूनही घडते. अमेरिकेतील ग्रँड कॅनियन नामक प्रचंड दरीच्या तळाशी हावासुपाय नावाची एक लहानशी आदिवासी जमात राहते. मधुमेहाने ती गांजलेली होती. १९९० पासून अॅरिझोना राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी त्या व्याधीच्या अभ्यासासाठी लोकांच्या रक्ताचे नमुने घेतले. पुढे त्याच रक्तावर मनोविकार, आप्तविवाह व मानवी स्थलांतर या विषयांचेही संशोधन झाले. आपली उत्पत्ती याच दरीत झाली अशी त्या जमातीची श्रद्धा. आणि आपल्याच रक्तावरून आपले पूर्वज दुसऱ्या खंडातून आले असे कोणी लिहावे, हे त्यांस मानवले नाही. शरीरापासून वेगळे झालेले रक्तही त्यांच्या लेखी पवित्र होते. प्रकरण न्यायालयात गेले. २०१० साली तडजोड झाली. विद्यापीठाने ४१ व्यक्तींस मिळून ७ लाख डॉलर दिले व उरलेले रक्त परत केले. शास्त्रज्ञांनी काढलेला निष्कर्ष बरोबर असेल वा नसेल. पण मधुमेहासाठी दिलेली ठेव भलत्याच कामी खर्ची पडली, ही तक्रार रास्त होती. याज्ञवल्क्यांनी ऐकले असते तर त्यांनीही ती उपनिधीच्या प्रकरणात घातली असती.

आता आपल्या देशाकडे वळू. आपल्याविषयी इतरांनी नोंदी करण्याचा अनुभव आपणांस नवा नाही. इंग्रजी अमदानीत जनगणना सुरू झाली. १९०१ च्या गणनेच्या वेळी रिस्ले साहेबांनी जातींची सामाजिक श्रेष्ठकनिष्ठतेप्रमाणे मांडणी करण्याचा घाट घातला, आणि देशभर जातिजातींनी अर्ज-विनंत्या सुरू केल्या. अनेक ज्ञातिसंस्थांच्या चळवळीस त्यातून चालना मिळाली. १९२० ते १९२२ या काळात एन्थोव्हेन साहेबांचे मुंबई इलाख्यातील जातीजमातींविषयीचे तीन खंड प्रसिद्ध झाले. त्यांत उपयुक्त माहिती पुष्कळ आहे. परंतु ज्यांच्याविषयी ते लिहिले त्यांस मजकूर तपासावयास वा दुरुस्त करावयास वाव नव्हता. याहून भयंकर प्रकार १८७१ च्या कायद्याने झाला. त्यान्वये कित्येक जमातींस जन्मतःच गुन्हेगार ठरविण्यात आले, त्यांच्या माणसांच्या याद्या पोलिसांत ठेवण्यात आल्या, आणि यादीत नाव असणे हाच अपराध झाला. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. पण त्याने लावलेला डाग अनेकांच्या कपाळावरून अद्याप पुसला गेलेला नाही.

नोंदीचे सामर्थ्य आजही तितकेच आहे. २०२३ साली महाराष्ट्र शासनाने न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून जुन्या दप्तरांतील कुणबी नोंदींचा शोध आरंभिला. कोण्या काळी एखाद्या कारकुनाने मोडीत लिहिलेला एक शब्द आज एखाद्या मुलाच्या शिक्षणाचा व नोकरीचा प्रश्न होऊन बसला आहे. जातिनिहाय गणनेचे संपूर्ण कोष्टक १९३१ नंतर प्रसिद्ध झाले नव्हते. पुढील जनगणनेत जातीची नोंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने ३० एप्रिल २०२५ रोजी जाहीर केला. अशा काळात आपल्या कुटुंबांची इत्थंभूत माहिती एका ठिकाणी गोळा करणे हे किती जबाबदारीचे काम आहे, हे वेगळे सांगावयास नको.

येथे आम्हांस एक कबुली द्यावयाची आहे. काही वर्षांपूर्वी आपल्या वधूवर परिचय मेळाव्याची नोंदवही आमच्याकडे होती. मुलामुलींची नावे, जन्मवेळ, शिक्षण, उत्पन्न, पत्ता व दूरध्वनी क्रमांक अशी ती यादी आम्ही छपाईसाठी दिली. मूळ प्रत परत घेण्याचे आमच्या ध्यानी राहिले नाही. दोन-तीन महिन्यांत घरोघर विवाह जुळविण्याचा धंदा करणाऱ्या एका पेढीचे दूरध्वनी येऊ लागले. एका मुलीचे लग्न ठरलेले होते, आणि तिच्या नावाने नवी स्थळे भावी व्याह्यांच्याच नात्यात पोहोचली. संबंध मोडता मोडता राहिला. तिचे वडील आमच्याकडे आले. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, “गुरुजी, माहिती आम्ही मंडळाला नव्हे, तुमच्याकडे पाहून दिली होती.” आम्हांस उत्तर देता आले नाही. त्या रात्री रामकुंडावरच्या उपाध्यायांची आठवण झाली. त्यांनी परक्याचा हात वहीपर्यंत जाऊ दिला नव्हता. आम्ही तर वहीच उचलून दिली होती.

कोणी म्हणेल, आता कायदा आहे. खरे आहे. २०२३ साली संसदेने वैयक्तिक माहितीच्या रक्षणासाठी अधिनियम केला. संमती स्वेच्छेची व विशिष्ट हेतूपुरतीच असावी, हे तत्त्व त्यात आहे, व ते आपल्या उपनिधीच्या न्यायास धरूनच आहे. परंतु हा कायदा संगणकीय रूपातील माहितीपुरता आहे, व तो एकेका व्यक्तीचा विचार करतो. वंशावळ एका व्यक्तीची नसते. आमचे पणजोबा हे आमच्या चुलतभावंडांचेही पणजोबा होत. आम्ही संमती दिली तर त्यांचेही घर उघडे पडते. हा तिढा कायदा सोडविणार नाही. तो आपणांसच विवेकाने सोडवावा लागेल.

मग काय, सर्व वह्या कुलुपात ठेवाव्या? आमचे मत तसे नाही. कागद नाशिवंत आहे. २०१९ साली गोदावरीचे पाणी नाशिकात कोठवर चढले ते आपण पाहिले. मोडी वाचणारे दरवर्षी कमी होत आहेत. आमचा नातू परदेशी गेला तर त्याने पणजोबांच्या बापाचे नाव कोठे शोधावे? तरुणांचा आग्रह याकरिता योग्य आहे, व संगणकाचा उपयोग केलाच पाहिजे. शंका फक्त किल्ली कोणाच्या हाती राहावी याविषयी आहे.

आणि किल्ली ज्ञातीच्या हाती राहिली म्हणजे सर्व ठीक झाले, असेही समजू नये. ज्ञातीच्या हाती सत्ता आली की तिचा दुरुपयोग कसा होतो, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. जातपंचायतींनी आंतरजातीय विवाह केलेल्यांस वाळीत टाकले, कुटुंबे उद्ध्वस्त केली. म्हणूनच शासनास २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. घराघराची माहिती पाच-सात पुढाऱ्यांच्या मुठीत गेली तर तीच वही कुळाचे स्मरण न राहता कुळावरचा पहारा होईल. त्यापेक्षा वही नसलेली बरी.

आणखी एक उणीव सांगितली पाहिजे. त्या दिवशी बाड पाहत असता आमच्या सौभाग्यवतींनी विचारले, “यांत माझ्या आजेसासूबाईंचे नाव कोठे आहे?” उपाध्यायांनी पाने चाळली. नाव नव्हते. ज्या श्राद्धात माता, पितामही व प्रपितामही यांचाही नामोच्चार करावयाचा, त्याच्या वहीत त्या स्त्रीस जागा मिळाली नव्हती. घरी आल्यावर आम्ही वृद्ध आतेबहिणीस पत्र लिहून ते नाव मिळविले. परंपरेचा मान राखणे म्हणजे तिच्या चुका नकलून घेणे नव्हे.

सबब पुढील सभेपुढे आमची नम्र सूचना अशी. नोंद अवश्य करावी. पण ती कशासाठी, हे प्रथम लिहून जाहीर करावे व त्या कामाखेरीज तिचा उपयोग करू नये. मूळ प्रत मंडळापाशीच राहावी. कोणासही, मग तो व्यापारी असो, संशोधक असो वा पुढारी असो, ती द्यावयाची झाल्यास ज्यांची नावे त्यांस आधी विचारावे, व जे नाही म्हणतील त्यांचे पान वगळावे. प्रत्येक कुटुंबास आपले पान पाहण्याचा, सुधारण्याचा व काढून घेण्याचा अधिकार असावा. मुली, सुना व लेकी यांची नावे पुरुषांच्या बरोबरीने यावीत. आपले नाव कसे व कोठे लिहावे हे त्यांनीच ठरवावे. कोणी कोणाशी विवाह केला यावरून कोणाचे नाव खोडले जाऊ नये. आणि वही सांभाळणाऱ्यांत पुढाऱ्यांखेरीज स्त्रिया व तरुण असावेत, म्हणजे ती कोणा एकाची होणार नाही.

कोणी यास फार सावधगिरी म्हणतील. तथापि आपण पैशाच्या बाबतीत एवढीच सावधगिरी बाळगतो. मंडळाच्या शिलकेचा हिशेब दरवर्षी तपासला जातो, एक रुपया इकडचा तिकडे झाला तर सभेत प्रश्न विचारले जातात. पूर्वजांची नावे व लेकीबाळींची घरे रुपयाहून हलकी नाहीत.

त्या पानावर आमच्या पणजोबांनी आपले नाव लिहिले, तेव्हा ते कोणासाठी लिहितो आहोत हे त्यांस ठाऊक होते. आपण आपल्या नातवंडांची नावे लिहिणार आहोत, ती कोणासाठी लिहितो आहोत हे आपणांसही ठाऊक असावे, एवढेच आमचे सांगणे. सभासदांनी या लेखाचा विचार करून पुढील सभेस अवश्य उपस्थित राहावे, ही विनंती. इत्यलम्.